इनायत, सेलू

"लिंक पाठवा," म्हणालं जिंतूरचं गिऱ्हाईक.
पुतणीनं माझं बोट धरून
तीन टिंबांवर ठेवलं, "हितं दाबा, चाचा."

निघालं माझंच नाव, इंग्रजीत,
शेपटीला सात चार तीन एक,
मधे एक रेघ, जमिनीवर पडलेली.
माझ्या आधी सात हजार इनायत?

चाळीस वर्षं बोर्डाच्या कोपऱ्यात
बारक्या ब्रशानं लिहीत आलो: इनायत, सेलू.
तेवढ्यावर पाथरीची माणसं
स्टँडवर विचारत विचारत यायची.

पाठवली लिंक.
निळी झाली. पोचली म्हणे.

रात्री तीच शटरवर उतरवली, पिवळ्या रंगात,
एकेक अक्षर फोनवर बघून.
पडलेल्या रेघेलाही
सवयीनं
सावली दिली.