क्वा

सँतेतिएनच्या ट्राम डेपोत, तळमजल्यावर,
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे
आम्ही दोघं. मी आणि मादाम शोव्हे.
नऊ वर्षं "आपण", "तुम्ही", "जरा ती छत्री देता का".

मग आला नोआम, सहा आठवड्यांसाठी, एकोणीस वर्षांचा.
शुक्रवारी जाकिटात एक हात घालता घालता
दिसेल त्याला विचारायचा:
"त्यु फे क्वा स वीकेंड?"
निम्मे स्वर गिळलेले.
आणि 'क्वा', म्हणजे 'काय', मध्येच कुठेतरी घुसवलेला.
शाळेत आम्हाला 'काय' वाक्याच्या दाराशी
टोपी काढून उभा करायला शिकवलं होतं.
याचा मागच्या दाराने यायचा, बूट न पुसता.

उत्तरही ठरलेलं. "बोफ. विशेष काही नाही."
प्रश्नाला तेवढंच पुरतं,
घरी जायची घाई त्यालाही असते.

मी ट्राममध्ये सराव केला,
बेलव्यूपासून, ओठांतल्या ओठांत.
शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

पाच वीस झाले होते.
मादाम शोव्हे कुणा लहान मुलाच्या डाव्या हातमोज्याला
चिठ्ठी लावत होत्या.
मी विचारलं. "तू" म्हणालो.
स्वर जरा जास्तच गिळले, ठसका लागला.

त्या थांबल्या.
"आईचं घर रिकामं करायचंय," म्हणाल्या,
"फिर्मिनीला. चौथा मजला, लिफ्ट नाही.
भाऊ येणार होता, आता येत नाहीये.
शिवणयंत्र कुणाला देऊ कळत नाही.
आणि बरण्या. जर्दाळूच्या, तीसेक असतील,
प्रत्येकीवर तिने साल लिहून ठेवलंय.
खायच्या का टाकायच्या त्या?"

यापुढचं नोआमने शिकवलं नव्हतं.
शटर अर्धं खाली आलेलं,
बाहेर कुणीतरी विसरलेली कुबडी मागायला आलेला,
त्याला सोमवारी या म्हटलं.
(कुबडी विसरून माणूस घरी कसा गेला असेल,
हे आम्ही एरवी अर्धा तास बोललो असतो.)

माझ्याकडे शनिवार रिकामा होता, रविवारही,
आणि मेहुण्याची व्हॅन,
जिचं मागचं दार बांधून ठेवावं लागतं.
आधी व्हॅनचंच सांगितलं.

हातमोजा खणात गेला,
चिठ्ठी तिच्या बोटालाच चिकटून राहिली.
"नऊला ये," म्हणाली.
दिवा मालवला, किल्ली शोधली,
मग अंधारातून,
"आणि दोरी जास्तीची आण."