तारखेच्या क्रमानं

दौलतगंजात शब्बीरचाचांचं गोदाम
जूनमध्ये स्वस्त मिळतं,
कारण तेव्हा रजई कुणी विकत घेत नाही
आणि शेचाळीस डिग्रीत रजयांमध्ये बसतही नाही कुणी.
आम्ही बसलो. पंखा बंद,
कारण माइकला पंखा ऐकू येतो.

छतापर्यंत रजया. लाल, जांभळ्या, एक थप्पी नुसती पोपटी.
देवयानी फाळके ड्रमवर काठी मारायची
आणि कणकेत बोट रुतावं
तसा आवाज तिथंच राहायचा.
बंटी कुशवाह गायचा, घाम पुसायचा,
म्हणायचा, यार, माझा आवाज माझ्याकडे परतच येत नाही.
पहिली चार गाणी अशी झाली,
कोरडी, फार जवळची,
कुणी कानाशी येऊन उधारी मागावी तशी.

मग पैसे संपले.
बंटीची पटवारीची परीक्षा आली.

ऑक्टोबरात परत गेलो तर समोरची थप्पी खांद्याला,
नोव्हेंबरात कमरेला.
गिऱ्हाईक हात फिरवून बघायचं, दोन न्यायचं,
त्या रात्री स्नेअरला किंचित शेपूट फुटायचं.
एका लग्नात एकदम दहा गेल्या
आणि सातव्या गाण्यामागे
एक खोली उघडली, आम्ही न बांधलेली.

चाचा दारात कापूस पिंजत.
धुनकीला एकच तार. टंय्. टंय्.
मी बेस तिच्याशी जुळवला,
तिला माझ्याशी जुळायचं काही कारण नव्हतं.
चाचा म्हणाले, तुझ्या चार तारा,
आणि तोळाभर कापूस निघत नाही.
आठव्या गाण्यात ती आहे. हेडफोन लावलात तर डावीकडे.

मिक्सिंगला अंबर शितोळेनं विचारलं,
किती स्टुडिओ बदललेत रे? सगळं सारखं करून देऊ?
नको म्हटलं. तारखेच्या क्रमानं लाव.
शेवटचं गाणं जानेवारीचं, रिकाम्या गोदामातलं.
बंटीचा शब्द पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो
आणि थंडी वाजून परत येतो.

अल्बम आला. तीनशे बारा वेळा वाजला,
त्यात चाळीसेक वेळा मीच.
पण पहिली चार गाणी ज्यांनी पिऊन टाकली
त्या रजया आता लष्करभर पसरल्यात,
फालका बाजारात, कंपूत,
कुठल्या नव्या नवरा-बायकोत एकच.

आमच्याकडे पोपटी आली.
बाबांनी अल्बम अजून ऐकलेला नाही.
रोज रात्री ती नाकापर्यंत ओढतात
आणि म्हणतात, जड आहे रे,
कापूस नीट पिंजलेला नाही.