डावीकडे

तहसीलसमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून माझं टेबल.
वारसान, फेरफार, उत्पन्नाचे दाखले.
पानामागे तीस रुपये.

मिटेवानीचा हितेश कोटांगले आला,
गमछ्यात काहीतरी बांधून, छातीशी धरून.
मला वाटलं, कोंबडीचं पिल्लू.

निघाला दीड वितीचा संगणक,
दोन्ही कडांना मुठी, मधे काच.
सत्तेचाळीस हजार.
म्हणजे राइस मिलमधल्या अकरा महिन्यांच्या रातपाळ्या.
"याच्यात गेम खेळतो जी," तो म्हणाला,
दारू पितो म्हणून कबूल करावं
तशा आवाजात.

मी लिहायला घेतलं:
अर्जदार येणेप्रमाणे निवेदन करतो की,
सदर यंत्राची डावी दांडी...
आणि अडले.
दांडीला काय होतं रे?
"काईच नाई होत. मी हात लावत नाई
तरी बाहुला चालते. डावीकडे."
यंत्र टेबलावर ठेवून तो दोन पावलं मागे सरला.
पडद्यावरचा बाहुला, पाठीला झोळी,
कुणी न सांगता निघाला,
भिंतीपाशी पोचला
आणि भिंतीतच चालत राहिला.
हौसीलालनं झेरॉक्सचं मशीन थांबवलं.
दाखल्याच्या रांगेतल्या दोघी पुढे वाकल्या.
"याले भूक लागली का?" एकीनं विचारलं.

कंपनीचं उत्तर आलेलं, फोटोसकट.
दांडीच्या खोबणीत कोंडा,
एक कण, लिंबाएवढा मोठा करून
भोवती लाल गोल.
ग्राहकाचा निष्काळजीपणा. हमी लागू नाही.

कोंडा.
तुमसरात कोंडा कुठे नाही?
माझ्या चार्जरच्या भोकात आहे,
चहाच्या सायीवर आहे, साहेबांच्या गोल शिक्क्यात आहे,
माझ्या लग्नाच्या फोटोत नीट पाहिलं तर
मुंडावळ्यांवर असेल.
"मिलात काम करते त मंग
सोनं निघंन का जी त्याच्यातून?"

अटींची एकेचाळीस पानं.
वाचलीस?
त्यानं डावा अंगठा वर करून दाखवला.
ह्यानंच 'सहमत' दाबलं.

माझ्याकडे म्हाताऱ्या येतात रोज,
शाईच्या गादीवर तोच अंगठा टेकवायच्या आधी
मी वाचून दाखवते ओळ न् ओळ,
त्या बसची वाट बघत असल्या तरी.
याला कुणी वाचून दाखवलं?

अट बावीस: विकत घेतलेला खेळ तुमचा नव्हे,
खेळण्याची परवानगी तेवढी तुमची,
कंपनी ती केव्हाही काढून घेईल.
हितेशला उमगेना.
मी म्हटलं, भोगवटादार वर्ग दोन.
"अस्सं," म्हणाला. लगेच उमगलं.

अट अडतीस: वाद झाल्यास बेंगळुरूलाच यावे.
इथं मला हसू आलं.
गिऱ्हाईक राहतो त्या जिल्ह्यात, कायदा म्हणतो.
म्हणजे भंडारा, लाल डब्यानं,
पाच लाखांच्या आत फीसुद्धा नाही.
यायचं तर तुम्ही या,
धान निघालं की या, मोजून देतो कोंडा.
हे मी खरंच लिहिलं होतं.
मग खोडलं.

मागणी: यंत्र दुरुस्त अथवा बदलून, अथवा रक्कम परत.
मानसिक त्रासापोटी रुपये पाच हजार.
"त्रास काटा जी. त्रास नाई झाला."
मग?
"राग आला."
रागाला रकाना नाही, बाबा.
तो गप्प बसला, नखानं
टेबलाचा रंग खरवडत.
मी त्रास तसाच ठेवला,
पाचाचे आठ केले.

तीन पानं, नव्वद रुपये.
सहीसाठी उजव्या हातात पेन घेतलं त्यानं,
डाव्या अंगठ्यानं दांडी
उजवीकडे दाबून धरली,
सही होईस्तोवर तरी बाहुला
एका जागी उभा राहावा म्हणून.