ओलावा

उपटला की तीन दिवस. मग कसावा
आतून निळा पडतो, वाट बघत नाही
ट्रकची, की होहोएच्या रस्त्याची.
म्हणून अकोफा रात्रीच सोलायला बसते.
सकाळी ताडपत्रीवर चकत्या,
हातात शेळ्यांसाठी काठी.

तेमा बंदराचा माणूस
पोत्यात यंत्र खुपसतो: साडेचौदा.
चौदाच्या आत हवं.

ती एक चकती उचलते,
त्याच्या कानाशी नेऊन मोडते.
कट्.
"ओली असती तर बोलली असती का?"
तो हसतो,
पोतं बाजूला काढतो.

एकोणचाळीस जहाजाला गेली.
चाळिसाव्याचं पीठ चुलीवर, घट्ट, तपकिरी.
धाकटी एलिनाम विचारते,
समुद्रापलीकडची माणसं हेच जेवतात?

माणसं नाही गं, त्यांची डुकरं.
जेव तू. गार होतंय.