कुटाराची रेघ

पहिल्या खेपेला मी नकाशा घेऊन गेले होते.
सरकारी नमुना: पंधरा बाय वीस, वर पत्रा, उत्तरेला दार.
पैनगंगेच्या अलीकडे सगळ्या गावांना एकच अंगणवाडी,
जणू वारा सगळीकडे एकाच टपालाने येतो.

जंगूबाई टेकाम खळ्यात तूर उपणत होती,
तिवईवर उभी, सूप कपाळाच्या वर.
मी विचारलं, इथे वारा कुठून येतो?
तिने सूप थांबवलं नाही.
"पाय ना वं. सांगूनच रायला."

दाणे तिच्या पायाशी पडत होते
आणि कुटार जरा पुढे, तिरकं,
बोराच्या झुडपाकडे लांब रेघ ओढत होतं,
जाड, मग विरळ, मग नुसती भुकटी.
माझ्या खिशात होकायंत्र होतं.
ते काढायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी फक्की आणून
मी त्या रेघेवर रेघ मारली.
"हा फागुनातला झाला," ती म्हणाली.
"वैशाखातला येगळा. थो टेकडीवरून येते,
तव्यावरून उठून आल्यावानी.
त्याले सरळ दारातून घेऊ नोको.
पाहुण्याले आपण आंधी पाय धुवाले लावतो नं?"

म्हणून पश्चिमेची भिंत वाकवली.
तिच्या आधी कडुनिंब, जो तोडायचा ठरला होता,
मग पाझरणाऱ्या रांजणांची ओळ,
मग विटांची जाळी, मग एक वळण.
एवढं ओलांडून आत येईस्तोवर
झळ हळू आवाजात बोलू लागते.

पाया लखमा मिस्त्रीने मुरुमापर्यंत नेला.
काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते, पावसात फुगते.
"हे श्वास घेते मॅडम," तो म्हणाला, "तिच्या छातीवर बसू नोका."
साहेबांनी विचारलं, भिंत वाकडी काऊन?
मी मापं सांगितली. कारण सांगितलं नाही.

चूकही झाली.
चुलीजवळचा झरोका मी नेमका
दिवाळीनंतरच्या वाऱ्याच्या तोंडावर ठेवला.
वच्छला रोज चूल पेटवायची, तो रोज विझवायचा.
पुढच्या खेपेला पाहिलं,
झरोक्यात गोणपाटाचा बोळा, त्यावर वीट.
वच्छला भांडी घासत राहिली, मी वही काढली
आणि बोळा, वीट, मापांसकट उतरवून घेतलं.
आता पुढच्या गावाच्या नकाशात
तो झरोका नाही.

यंदा फाल्गुनात पुन्हा गेले.
दुपारची वेळ, बावीस पोरं चटईवर निजलेली,
खळ्याकडच्या खिडकीतून वारा येत होता,
अगदी मी आखला होता तसा,
आणि त्याच्यासोबत
जंगूबाईच्या तुरीचं कुटार,
पोरांच्या केसांत, पापण्यांवर, पाटीवरच्या अर्ध्या ग वर.

वच्छला खराटा घेऊन उभी होती.
"झाडू झाडू मरते मी," ती म्हणाली.
"हे काई दिसलं नाई कावं तुमच्या कागदात?"