तीन दिवस लाल

उद्यमबागेतल्या फौंड्रीतून बाबा निवृत्त झाले,
हात अजून हातोडीवरच.
चहाचा कप आधी बोटानं वाजवतात,
ऐकतात,
मग ओततात.

तीस वर्षं एकेक कास्टिंग असंच वाजवलं.
टण् आलं तर हिरव्या रंगाचा ठिपका.
बद् आलं तर बाजूला.
तडा दिसत नाही, म्हणायचे, बोलतो.

"काय बघूलैस मघाधरनं?"
पडद्यावरची पट्टी दाखवतो.
नखाएवढी. अर्धी करडी, अर्धी लाल.
बिल्ड नापास.
तीन दिवस झाले.

कन्नड लिपीतलं नाव देवनागरीत नेणारी
आणि तसंच्या तसं परत आणणारी
माझी ही एवढीशी लायब्ररी. उघडी, फुकट,
कुणीही घ्यावी, कुणीही खोड काढावी.
निपाणीत कुणी रेशनच्या याद्यांना लावतं,
अथणीत एक झेरॉक्सवाला उताऱ्यांना.
त्यांतलं कुणी मी पाहिलेलं नाही.
त्यांनीही मला नाही,
पट्टी तेवढी पाहिलीय.

सोमवारी गोकाकहून शिवलीलानं एक टेस्ट पाठवली,
स्वतःचंच आडनाव: हट्टीहोळी.
कन्नडात त्यातला ओ आखूड,
होळी म्हणजे नदी.
आपल्याकडे ओ एकच, त्याची लांबी कुणी मोजत नाही.
आडनाव इकडे आलं, परत गेलं,
तिकडे उतरलं तेव्हा ओ लांबलेला.
निघाली होती नदी,
पोचला शिमगा.

चारशे बारा पास, एक नापास.
पट्टीला टक्के कळत नाहीत.

"ओळीच्या आधी एक खूण टाकली की
ती टेस्ट धावणारच नाही," मी म्हटलं,
"पट्टी लगेच हिरवी."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "आमच्यात एक भरमाण्णा होता.
न वाजवताच ठिपका द्यायचा.
रंग तोच, डबा तोच, ब्रश माझाच."
"मग?"
"मग काय. दोन महिन्यांनी
माझे ठिपकेसुद्धा कोण धरेना झालं."
आणि झोपायला गेले.

सकाळी अथणीचा निरोप:
पट्टी लाल दिसली. आज जुन्या आवृत्तीवरच चालवतो.
सावकाश होऊ दे.
एवढंच. नाव नाही, गाव तेवढं.

मी शिवलीलाला कळवलं,
तुझी नदी अजून सापडली नाही.
तिचं उत्तर कन्नडात आलं,
सवयीनं लायब्ररीतून काढलं:
इरलि, हुडुकोण.
यातला ओ लांबच आहे,
त्यामुळे नीट आला.

हुडकू.
आम्हीही तेच म्हणतो.