कोळशाची रेघ

दाभोळला फेरीबोट नव्हती तेव्हा
होडी होती, आणि होडीवर इब्जीबाबा सारंग.
ओहोटीला फळी शेवाळून घसरायची,
बाबा मांडीभर चिखलात उभा राहून
एकेकाला हात द्यायचा.

मदरशात शिकलो : पुलसिरात
केसाहून बारीक, तलवारीहून धारदार,
खाली जहन्नम.
मला खाली चिखलच दिसायचा, खुबे, निवट्या.
‘तिथे हात कोण देतं?’ विचारलं,
तर मौलवी छडी शोधायला लागले.

शेवटच्या रमजानात बाबाने चुन्याची बादली मागवली.
पडवीच्या भिंतीवर चाळीस वर्षांची उधारी,
कोळशाच्या रेघा :
मासळीवाल्या, पोस्टमन, धोपाव्याचा मास्तर.
‘फास सगळं. माझ्या चार आण्यांपायी
कुणी पुलावर अडकायला नको.’

एक रेघ त्याने तळहाताने झाकली.
‘ही माझ्या अंगावरची.
पलीकडे कंदील हलत होता रात्रभर,
सुंद्रा भोयीण अडलेली.
पाण्याला ओढ होती.
मी दिवा बारीक केला.’

मग, बऱ्याच वेळाने :
‘तिचा रस्ता वेगळा असला
तर माफी कुणाकडे मागू रे?’

चौथ्या फुटाला जांभ्यातून खाडी झिरपली.
घमेल्याने उपसलं, फळ्या लावल्या,
होडीच्याच. तीन मुठी माती.

माणसं चाळीस पावलं गेली
की मुनकर-नकीर येतात म्हणे, सवाल विचारायला.
एकोणचाळिसाव्यावर मी थांबलो.

मगरिब उलटून गेलेली.
पलीकडे धोपाव्याला
कुणीतरी दिवा लावला.